दारावर बाउन्सर असतात, बॅग तपासतात; मग पब आणि लाइव्ह गिगच्या जागा सुरक्षित समजायच्या का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी पुण्यात शिकते, शनिवारी मैत्रिणींबरोबर पबला किंवा गिगला, म्हणजे गाण्याच्या लाइव्ह कार्यक्रमाला, जाते आणि गोव्याची बातमी वाचल्यापासून तुम्हाला झोप नाही. दारावर बाउन्सर आहेत, एवढाच तुम्हाला आधार वाटतोय.

मी तेरा वर्षं साउंडवाला म्हणून अशाच जागांवर काम करतोय, म्हणून स्पष्ट सांगतो: तेवढ्यावर विसंबू नका. बाउन्सर, बॅग तपासणी, हातावरचा शिक्का ही सगळी व्यवस्था कोण आत येतं हे पाहण्यासाठी असते. थोडी मारामारी आवरायला, आणि बरीचशी कोणी बिल बुडवून जाऊ नये म्हणून. तीनशे माणसं दोन मिनिटांत बाहेर कशी पडतील, याचा विचार केलेल्या जागा मी मोजक्याच पाहिल्या. आणि या जागांवर आगीत माणसं गेली ती बाहेर पडता आलं नाही म्हणून.

गोव्यात हडफड्याला डिसेंबर २०२५ मध्ये नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले. त्यातले बहुतेक तिथे कामाला असलेले होते, कितीतरी जण तळघरातल्या स्वयंपाकघराकडे अडकले आणि धुराने गुदमरले. मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या पबमध्ये २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली, १४ जण गेले. त्यातल्या अनेकांनी स्वच्छतागृहात आसरा घेतला होता. तिथे पाणी आहे, म्हणजे वाचू असं वाटतं. पण तिथे दुसरं दार नसतं आणि धूर आत येतोच. ब्राझीलमध्ये सांता मारिया शहरातल्या किस क्लबला जानेवारी २०१३ मध्ये आग लागली तेव्हा २४२ माणसं गेली. तिथे बाहेर पडायची वाट एकच होती, आणि सुरुवातीचे काही क्षण दारावरच्या रक्षकांनी लोकांना अडवलं, कारण त्यांना वाटलं हे बिल न देता पळताहेत. त्याच्याही सत्तर वर्षं आधी, १९४२ मध्ये, बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबमध्ये ४९२ जण गेले. पुढचं दार फिरतं होतं, ते माणसांच्या रेट्याने अडकलं, आणि बाजूची काही दारं बंद करून ठेवलेली होती. का? तर गिऱ्हाईक पैसे न देता निसटू नये म्हणून.

हे वाचून तुम्हाला वाटेल, आता कोण असं करतं. चार वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका जागेत संध्याकाळी वायरी ओढत मागे गेलो. 'एक्झिट'च्या हिरव्या दिव्याखाली बीअरचे रिकामे क्रेट छातीपर्यंत रचलेले आणि त्यांच्या मागे दाराला कुलूप. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "भाऊ, उघडं ठेवलं की टेबलंच्या टेबलं पळतात. चावी असते ना माझ्याकडे." मी म्हटलं, आत्ता आणा, त्याशिवाय मी साउंड चेक करणार नाही. घड्याळ लावलं. चावी सापडायला अकरा मिनिटं लागली, ती दुसऱ्या शिफ्टवाल्याच्या खिशात होती. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या स्टेशन क्लबमध्ये २००३ साली १०० जण गेले, तिथे आग लागल्यापासून दोन मिनिटं होण्याच्या आत पुढच्या दारात माणसं एकमेकांवर पडून वाट बंद झाली होती. बहुतेक जण ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले. माणूस असाच वागतो, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून तर दुसरं दार त्याला आधीपासून दिसायला हवं.

बिलाच्या भीतीवर उपाय आहे आणि तो महागही नाही. दाराला आतून आडवी पट्टी बसवायची, पॅनिक बार म्हणतात तिला. नुसत्या अंगाच्या रेट्याने दार उघडतं आणि उघडताच भोंगा वाजतो. बाहेरून आत येता येत नाही, पळणारा लगेच कळतो, कुलूप लागत नाही. त्या मॅनेजरने ती बसवली, मी पुढच्या खेपेला ढकलून पाहिली.

आता माझ्या धंद्याचंच एक बोलतो, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. शेजारच्या सोसायट्यांच्या आवाजाच्या तक्रारी असतात, आणि त्या रास्त असतात. मग मालक काय करतो? खिडक्या बुजवतो, दारांना रबर लावून घट्ट करतो, भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखा फोम चिकटवतो. म्हणजे आवाज आत कोंडताना माणसंही आत कोंडली जातात. स्टेशन क्लबमध्ये फोम लावला होता तो शेजाऱ्यांच्या तक्रारीनंतरच. स्टेजवरच्या आतषबाजीने तो पेटला. किस क्लबमध्येही छताच्या फोमनेच पेट घेतला. एका जागी मी फोमचा तळहाताएवढा तुकडा बाहेर पार्किंगमध्ये नेऊन लायटर लावून पाहिला. मालक समोर उभा होता. तो तुकडा पेटला आणि वितळून जळते थेंब टपटप फरशीवर पडायला लागले, काळा धूर नाकात बसला. मालक काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात त्याने रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, पॅनेल लावून घेतले, ते पेट घेत नाहीत. आणि ते 'कोल्ड पायरो', लग्नात नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना उडतात ते. कोल्ड फक्त नावात आहे. त्या ठिणग्या असतात, आणि बांबू, झावळ्या किंवा कापडाच्या छताखाली त्यांना काही काम नाही. मी त्या शोला नाही म्हणतो.

दुसरी गोष्ट साउंडच्या टेबलावरची. आत १०० डेसिबलच्या वर गाणं चालू असताना फायर अलार्म कोणाला ऐकू येतो? एकदा माझ्याच अँप्लिफायरच्या रॅकमधून धूर निघाला. लोकांनी मोबाइल वर केले, शिट्ट्या मारल्या, त्यांना तो शोचाच भाग वाटला. मी आवाज बंद केला तर ओरडायला लागले, "चालू कर." हॉलच्या ट्यूबलाइट लागल्या तेव्हा कुठे चेहरे बदलले. मग गायिकेने माइकवर शांतपणे सांगितलं, "डावीकडच्या दाराने बाहेर जा, धावू नका." चार मिनिटांत हॉल रिकामा झाला. आग लागलीच नाही, पण त्या दिवसापासून शो सुरू होण्याआधी मी तीन गोष्टी ठरवून घेतो: आवाज कोण तोडणार, दिवे कोण लावणार, माइकवर कोण बोलणार. बाउन्सरलाही बोलावतो. बिचारे एजन्सीकडून आलेले असतात, बारा-बारा तास उभे. त्यांना मागचं दार कुठं आहे हेही कोणी दाखवलेलं नसतं. ते दाखवायला पाच मिनिटं लागतात.

मुलगी म्हणून तुमची वेगळी काळजी असेल, तीही रास्त आहे. इंग्लंडात २०१६ पासून एक रीत आहे: कोणी त्रास देत असेल तर बारवर जाऊन 'अँजेला'ला विचारायचं, कर्मचारी ओळखतो आणि तिला गाजावाजा न करता बाहेर काढतो, गाडी बोलावून देतो. आपल्याकडे माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त कळतं ते लेडीज वॉशरूमच्या मावशींना. कोण रडत होती, कोणाला चक्कर आली, कोण एकटी मागे राहिली. त्यांच्या हातात वॉकी-टॉकी दिलेली एकच जागा मी पाहिली आहे.

कायदा आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. कागद असतो, पण क्रेट कागदावर दिसत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१७ च्या मँचेस्टर अरिनातल्या बॉम्बस्फोटात २२ जण गेले. त्यातल्या एका तरुणाच्या आईने, फिगेन मरे यांनी, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०२५ मध्ये कायदा झाला. दोनशे किंवा जास्त माणसं जमणाऱ्या जागांनी, हल्ला झाला तर लोकांना बाहेर कसं काढायचं, आत सुरक्षित कसं ठेवायचं, त्यांना कसं कळवायचं, हे ठरवून कर्मचाऱ्यांना सांगायचं. आपल्याकडे निदान आगीसाठी तरी एवढं हवंच.

मुलीला जायला बंदी करू नका, ती न सांगता जाईल आणि ते जास्त वाईट. तिला एवढं सांगा: आत गेल्यावर आधी दुसरं दार शोध आणि जमलं तर ढकलून बघ. कुलूप दिसलं तर मैत्रिणींना घेऊन निघ, कव्हर चार्ज गेला तर गेला. धूर दिसला की बॅग, बिल, व्हिडिओ काही बघू नको, खाली वाकून चाल, वॉशरूममध्ये शिरू नको. गर्दीत दाबली गेलीस तर दोन्ही हात छातीसमोर धर, म्हणजे श्वासाला जागा राहते, आणि रेट्याच्या विरुद्ध न जाता तिरकी सरकत कडेला ये. बाहेर आलीस की पुन्हा आत जाऊ नको, ११२ ला फोन कर.

ती कुठे जाते ते इथे सगळ्यांसमोर लिहू नका. मला निरोपात कळवा. त्या जागी मी काम केलं असेल तर मागचं दार कुठल्या बाजूला आहे आणि शेवटचं पाहिलं तेव्हा ते उघडत होतं का, ते सांगतो.