मन घट्ट नाही, म्हणून हे क्षेत्र सोडायचं का?

पत्र: माझी मुलगी आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या पॅरामेडिकल पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन आठवड्यांपूर्वी ती कॅज्युअल्टीत ड्युटीवर असताना शेततळ्यात बुडालेल्या सहा वर्षांच्या मुलाला आणलं. सगळ्यांनी खूप प्रयत्न केले, पण मूल गेलं. नातेवाईक तिच्याच अंगावर धावून आले, "तुम्हीच उशीर केलात" म्हणाले. तेव्हापासून तिला झोप नाही, बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला तरी दचकते, कॉलेजचं नाव काढत नाही. तिचे बाबा म्हणतात, मन घट्ट नव्हतं तर या लाइनला जायचंच नव्हतं, अजूनही लॅब टेक्निशियनचा कोर्स कर. ऐन वेळी निर्णय घ्यायचं काम तिला झेपेल का? काय करावं? (एक आई, नाशिक जिल्हा)

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि घरात ते एकमेकांत मिसळून गेलेत. मुलीला आत्ता होणारा त्रास हा एक, आणि तिने या क्षेत्रात राहावं की नाही हा दुसरा. पहिल्याकडे याच आठवड्यात बघायला हवं. दुसऱ्याला तीन-चार महिने थांबता येतं, आणि थांबायलाच हवं. रात्र रात्र जागलेल्या माणसाने करिअरचा निर्णय घेऊ नये, आणि त्याच्या वतीने घरच्यांनीही घेऊ नये.

आधी त्रासाबद्दल. असा प्रसंग पाहिल्यावर झोप उडणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, आवाजाने दचकणं, ती जागा टाळणं हे पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना होतं. बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही ओसरलं नाही, तर डॉक्टर आघातोत्तर तणाव विकाराच्या दृष्टीने तपासणी करतात. तुमच्या मुलीला तीन आठवडे झालेत आणि तिचं रोजचं जगणं अडलंय, म्हणून महिना भरायची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. त्याआधी बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६. २०२२ साली ती सुरू झाली, चोवीस तास चालते, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तिच्या तोंडून "जगून काय करू" अशा अर्थाचं काही आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि तिला एकटं सोडू नका.

मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या मात्र आणू नका. त्यांनी रात्र निघते, पण आघाताची आठवण निवत नाही आणि सवय लागायची भीती असते. या त्रासावर खास विकसित झालेली समुपदेशनाची पद्धत आहे. तिच्यात त्या आठवणीकडे तज्ज्ञाच्या सोबतीने, थोडं थोडं करून, पुन्हा बघायला शिकवतात.

घरी एक जपा. "काय झालं ते सगळं सांग, मन मोकळं कर" असा आग्रह धरू नका. प्रसंगानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं तपशिलाने बोलायला लावण्याची पद्धत पूर्वी फार वापरली जायची. अभ्यासांत तिचा फायदा दिसला नाही, काहींचा त्रास उलट वाढला, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ती वापरू नका असंच सांगते. मुलगी स्वतःहून बोलली तर काम बाजूला ठेवून ऐका. नाही बोलली तर शेजारी बसून भाजी निवडा. वेळेवर जेवण, सकाळचं चालणं, रात्री फोन दुसऱ्या खोलीत, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं.

आता त्या बाळाबद्दल लिहिते, कारण मला वाटतं तिच्या मनातला खरा काटा तिथे रुतलाय. "तुम्हीच उशीर केलात" हे वाक्य तिने खरं मानलंय.

बुडालेल्या माणसाचं काय होणार, हे सर्वांत जास्त कशावर ठरतं, तर तो पाण्याखाली किती वेळ होता त्यावर. प्राणवायू पूर्ण बंद झाला की चार-सहा मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते. शेततळं वस्तीपासून लांब असतं. तळाला आणि कडेला प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ. मोठ्या माणसालाही पाय रोवून वर येता येत नाही, मग लेकराची काय कथा. मूल दिसत नाही हे कळेपर्यंत, शोधेपर्यंत, बाहेर काढेपर्यंत ती मिनिटं निघून गेलेली असतात. त्यात अजूनही गावोगाव पोट दाबून पाणी काढतात, उलटं धरून गरगर फिरवतात. त्या वेळात तोंडाने श्वास द्यायला हवा असतो. (हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं: बुडालेल्याचा श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास, मग छातीवर दाब, आणि १०८ ला फोन. पोटातलं पाणी काढत बसायचं नाही. आणि शेततळ्याला कुंपण, आत गाठी मारलेला दोर, काठावर तरंगणारी ट्यूब हवीच.)

त्या दिवशी नेमकं काय घडलं हे मी इथून सांगू शकत नाही, तुम्हीही नाही. ते सांगू शकतात त्या ड्युटीवरचे वैद्यकीय अधिकारी. त्यांना भेटा आणि विनंती करा: केस पेपर समोर ठेवून अर्धा तास तिच्याशी बोला. मूल किती वाजता आलं, आल्यावर नाडी होती का, पहिला श्वास कधी दिला, औषध कधी गेलं, कुणी काय केलं. नुसतं "तुझी काही चूक नाही" म्हणून अपराधीपणा जात नाही. वेळा आणि नोंदी समोर आल्या की तो आपल्या खऱ्या मापाचा होतो. त्यात काही उणं निघालं तरी ते शिकण्यापुरतं उरतं, आणि तेही एकट्या विद्यार्थिनीच्या माथी येत नाही.

अंगावर धावून येण्याबद्दल: लेकरू गमावलेल्या घराचा तो आकांत होता, त्यात तिच्या कामाचा निवाडा नव्हता. पण म्हणून ते सोसायचंच असंही नाही. आरोग्यसेवकांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. मृत्यूची बातमी ज्येष्ठ डॉक्टरांनी, बाजूला बसवून सांगायची असते. विद्यार्थिनीला नातेवाइकांच्या तोंडी उभं करणं ही त्या विभागाच्या व्यवस्थेतली उणीव आहे.

पुढचा भाग तिला वाचायला द्या.

बाळा, ऐन वेळी निर्णय मला झेपेल का, हा प्रश्न तुझ्या आईने लिहिलाय, पण तो तुझाच असणार. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कॅज्युअल्टीतला माणूस विजेसारखा विचार करतो. प्रत्यक्षात तिथली व्यवस्था अशी रचलेली असते की त्या क्षणी कमीत कमी विचार करावा लागावा. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हा क्रम तू पाठ केलास तो त्यासाठीच. छातीवर दाब देणारा दर दोन मिनिटांनी बदलायचा, कारण हात थकतात आणि थकलेल्याला ते कळत नाही. ॲड्रिनॅलिन, म्हणजे हृदय पुन्हा चालू व्हावं म्हणून द्यायचं औषध, तीन ते पाच मिनिटांनी, आणि दिल्यावर "दिलं" असं मोठ्याने सांगायचं. साप विषारी होता का यावर नातेवाईक वाद घालत असतात, तेव्हा कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं. नाही गोठलं तर प्रतिविष द्यायचं. माणूस घाबरतो, त्याचे हात कापतात, हे गृहीत धरूनच हे नियम केलेत. तू घाबरलीस म्हणजे नापास झालीस असं नाही.

अमेरिकेत १९८० च्या दशकात गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने अग्निशमन दलाच्या अनुभवी प्रमुखांचा अभ्यास केला. ते आगीसमोर चार पर्याय मांडून तुलना करत नव्हते. अशी परिस्थिती पूर्वी पाहिलेली असायची, ती ओळखू यायची आणि पहिली योग्य कृती सुचायची. ही ओळख जन्मजात नसते. ती येते सरावाने, पुतळ्यावर शंभरदा हात चालवून, आणि प्रत्येक केसनंतर ज्येष्ठांशी बोलून. शेवटच्या वर्षाला ती तुझ्याकडे नाही, यात नवल काय?

आणि हेही ऐक. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी जगभरात बहुतेक ठिकाणी दहातला एकही घरी परत जात नाही, उत्तम यंत्रणा असलेल्या देशांतही हा आकडा फार पुढे जात नाही. पडद्यावर दिसतं ते खोटं आहे. या कामात सगळं बरोबर करूनही माणूस जातो. "वाचला की मी चांगली, गेला की मी वाईट" या हिशोबावर इथे कुणीच टिकत नाही. आपल्या हातातलं आपण क्रमाने, वेळेत केलं का, एवढाच हिशोब ठेवायचा.

ताई, आता तुमच्या यजमानांसाठी. त्यांची काळजी मला समजते, पण मन घट्ट असणं ही या कामाची अट नाही. मूल गेल्यावर ज्याला काहीच होत नाही, त्याच्या हाती मी माझं माणूस देणार नाही. इथे वर्षानुवर्षं टिकणारे लोक टिकतात ते सोबतच्या टीममुळे, ड्युटीनंतर मिळणाऱ्या झोपेमुळे, आणि मृत्यूनंतर घडीभर थांबू देणाऱ्या विभागामुळे. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टल्स या परिचारकाने एक साधी प्रथा सुरू केली: रुग्ण गेला की सगळ्यांनी जागच्या जागी मिनिटभर शांत उभं राहायचं, त्या माणसासाठी आणि केलेल्या प्रयत्नांसाठी. पुढे ती अनेक ठिकाणी पोहोचली. याला ना निधी लागतो ना मंजुरी. आपल्याकडची कुठलीही कॅज्युअल्टी हे उद्यापासून करू शकते, आणि करावं असं मला मनापासून वाटतं.

राहिला क्षेत्राचा प्रश्न. आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून आपल्याकडे मान्यता मिळाली २००९ मध्ये, राज्यात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आल्या २०१४ मध्ये, आणि पॅरामेडिकल व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला २०२१ मध्ये. क्षेत्र तरुण आहे, शिकलेली माणसं कमी आहेत. राज्यात १०८ वर बरोबर डॉक्टर असतात, त्यामुळे पॅरामेडिकल पदवीधरांना जास्त संधी मोठ्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत, अतिदक्षता विभागात आणि कारखान्यांच्या वैद्यकीय केंद्रांत मिळतात. बरी झाल्यावरही तिला रोजची कॅज्युअल्टी नको वाटली, तर जीवरक्षक कौशल्यांची प्रशिक्षक होणं किंवा कॉल सेंटरवर फोनवरून सूचना देणं हेही याच शिक्षणातून जातं. लॅबचं काम चांगलंच आहे, पण ते तिला आवडतं म्हणून निवडावं, पळवाट म्हणून नको. शेवटच्या वर्षाला पदवी सोडून नव्याने पहिल्या वर्षाला बसणं तर मला अजिबात पटत नाही.

डॉक्टरांनी होकार दिला की परत जाताना एकदम रात्रपाळी नको. कॉलेजला लेखी अर्ज द्या: पहिले काही दिवस दिवसपाळी, बरोबर एक ठरलेली ज्येष्ठ व्यक्ती, लहान मुलांच्या केसेस काही काळ लांब. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीला ती जाईल तेव्हा पगाराबरोबर तीन गोष्टी विचारायला सांगा: सलग किती तासांची ड्युटी असते, अवघड केसनंतर टीम एकत्र बसते का, आणि मृत्यूची बातमी कोण सांगतं. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर दुसरी जागा बघावी.

परीक्षेच्या फॉर्मची मुदत जवळ आली असेल तर तो भरून ठेवा. परीक्षा द्यायची की नाही हे नंतर ठरवता येईल. आजचं काम एकच, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेणं. आणि शक्य असेल तर तिथे तिच्याबरोबर तिच्या बाबांनी जावं.