जुन्या फ्लॅटमधील बाथरूम नव्याने करताना नियोजन कोठून सुरू करावे?

आपला फ्लॅट पुण्यातील 1992 सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे, खालच्या घराच्या छताला ओल आली आहे, घरात पंच्याहत्तरीच्या आई आहेत आणि टाइल्स पसंत करून झाल्या आहेत. आता पुढे काय, असे आपण विचारले आहे. माझे मत असे, की टाइल्सची ऑर्डर तूर्त थांबवावी आणि आधी फरशीखालच्या पाण्याचा विचार करावा. नळ, आरसा, बेसिन पुढे केव्हाही बदलता येतात. फरशीखाली राहिलेली चूक सुधारायची तर सगळे फोडावेच लागते.

कोथरूडला आई-वडिलांच्या घरी आम्ही हे काम केले तेव्हा ठेकेदाराने वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून न ठेवताच टाइल्स बसवायला घेतल्या आणि आम्हीही त्याला अडवले नाही. चौथ्या महिन्यात खालच्या काकूंनी बोलावून छत दाखवले. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचे पाणी निचऱ्याच्या पाइपात सोडणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या, बरोबर खाली ताटलीएवढा पिवळट डाग होता आणि त्याच्या मध्यभागी एक थेंब लोंबत होता. ट्रॅपभोवतीचा सांधा नीट बंद झालेला नव्हता. नव्या टाइल्सवर छिन्नी पडू लागली तेव्हा वडील उठून खाली अंगणात जाऊन बसले.

म्हणून जुना कोबा, म्हणजे टाइल्सखालचा काँक्रीटचा थर, स्लॅबपर्यंत काढून घ्यावा; जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तरी, खाली ओल असताना तो मुळीच मानू नये. वॉटरप्रूफिंग फरशीबरोबर भिंतींवरही किमान फूटभर, आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत चढवावे. ते वाळल्यावर ट्रॅपचे तोंड कापडाचा बोळा व प्लास्टिक घालून बंद करावे, उंबऱ्याशी सिमेंटची बारीक पाळ घालावी, दोन इंच पाणी भरावे, भिंतीवर पातळीची खूण करावी आणि निदान 48 तास कोणालाही आत काम करू देऊ नये. या काळात सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन स्वतः छत पाहावे. मात्र जुन्या स्लॅबमध्ये मुरलेले पाणी दुरुस्तीनंतरही काही दिवस झिरपू शकते, त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वीच त्या छताचे फोटो काढून ठेवले, तर जुना डाग कोणता आणि नवा कोणता याचा वाद होत नाही.

त्या काळातील जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजलेले असण्याची शक्यता मोठी आहे, ते सर्व बदलून सीपीव्हीसीचे (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकचे) घालावेत आणि गिलाव्याआधी दाब देऊन तपासून घ्यावेत. त्याच वेळी भिंतीला मोजपट्टी लावून पाइपांचे फोटो काढावेत. पुढे आईंसाठी धरायची दांडी बसवताना ड्रिल कोठे चालवायचे नाही, हे त्यांवरून कळते. कमोड खाली निचरा असलेला घेणार असाल, तर भिंतीपासून निचऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर नव्या टाइलची जाडी धरून मोजावे, कारण नेमका त्याच मापाचा कमोड मागवावा लागतो.

टाइल्सबद्दल एकच सांगतो. फरशीसाठी दोन बाय दोन फुटांची गुळगुळीत टाइल पसंत केली असेल, तर ती बदलावी. एवढ्या मोठ्या टाइलला चारी बाजूंनी ट्रॅपकडे ढाळ देता येत नाही आणि ओल्या पायाने त्यावरून चालणे आईंना धोक्याचे आहे. एक बाय एक फुटाची, न घसरणारी टाइल घ्यावी आणि सात फुटांना साधारण एक इंच ढाळ ठेवावा. दार बाहेर उघडणारे करून घ्यावे, म्हणजे कोणी आत पडले तरी दार अडत नाही. गीझरसाठी 16 अँपिअरची स्वतंत्र लाइन, चांगले अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर करू नये.

सोसायटीची लेखी परवानगी आणि राडारोडा कोठे टाकायचा, हे आधीच ठरवावे. ठेकेदाराशी करार करताना पाणी भरून तपासणी झाल्याखेरीज टाइल्स लावायच्या नाहीत, ही अट लिहून घ्यावी आणि पैशांचा एक हप्ता त्या तपासणीलाच बांधावा.