मधुमेहाची गोळी घेऊन उपवास केल्यास दुपारी चिडचिड आणि थरथर का होते?

एकादशीला सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहिल्यास हात थरथरतात, चिडचिड होते आणि साधा हिशेबही जमत नाही, याचा साखरेशी संबंध आहे का, असे आपण विचारले आहे. बहुधा थेट संबंध आहे. ही गोळी पोट रिकामे असतानाही स्वादुपिंडाला साखर कमी करणारे इन्सुलिन स्रवायला लावते. रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली की शरीर अ‍ॅड्रेनालिन हे धोक्याच्या वेळचे संप्रेरक सोडते, आणि घाम, धडधड व घरच्यांवर विनाकारण निघणारा राग ही त्याचीच लक्षणे असतात. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असले तरी सुमारे २० टक्के ऊर्जा तोच वापरतो आणि ग्लुकोजचा पुरेसा साठा त्याच्यापाशी नसतो, म्हणून साखर ५४ च्याही खाली गेल्यास गोंधळ उडतो, बोलणे अडखळते, क्वचित शुद्धही हरपते. अशा वेळी उपवास मोडेल याची चिंता न करता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. साबुदाण्याच्या खिचडीने मात्र साखर झपाट्याने चढते आणि ती चढलेलीच राहिली तर सुस्ती येते. वर्षानुवर्षे तसे चालल्यास मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊन स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. पुढच्या एकादशीपूर्वी गोळीची मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.