फळीवरचं घुबड

प्रिय ताई,

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. लेक सोळा वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिला ग्रीक पुराणकथांचं वेड लागलंय. लायब्ररीतून होमर या ग्रीक कवीचे जाडजूड ग्रंथ आणते, वहीत देवळांचे खांब काढत बसते. पॉकेटमनी साठवून तिनं अथीना देवीचं मातीचं घुबडही आणलं. आता ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, मॅथ्स आणि फिजिक्सबरोबर क्लासिकल सिव्हिलायझेशन, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन संस्कृती, हा विषय घ्यायचा म्हणते. यजमान म्हणतात, त्यानं पोट भरणार आहे का? सासूबाई कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आल्यात. घरात घुबड अशुभ म्हणून त्यांनी ते फळीवरून उचलून गॅरेजमध्ये ठेवलं. लेक चार दिवस त्यांच्याशी बोललेली नाही. मला राहून राहून वाटतं, एवढं प्रेम आपल्या महाभारतावर का नाही बसलं? आमचं कुठं चुकलं?

— रेडिंगची एक आई

प्रिय मैत्रिणी,

तुमचं काहीही चुकलेलं नाही. अडीच हजार वर्षांहून जुनं काव्य सोळाव्या वर्षी कुणी न सांगता वाचायला घेणारी मुलगी तुमच्या घरात आहे. गोष्टीची गोडी अशी आकाशातून पडत नाही. लहानपणी तिला कुणीतरी मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या असणार. मला वाटतं, तुम्हीच.

महाभारताचं आधी बोलते, कारण तिथं मी स्वतः एकदा पोराचं मन मोडलंय. माझा भाचा अकिलीस या ग्रीक वीराची गोष्ट सांगत होता. अंगाला कुठलंही शस्त्र लागू नये म्हणून आईनं बाळाला टाचेला धरून स्टिक्स नदीत बुडवलं, तेवढी टाच मात्र कोरडी राहिली. तो डोळे मोठे करून सांगत होता आणि मी मध्येच म्हटलं, "अरे, हे तर आपल्या दुर्योधनाच्या मांडीसारखं!" तो "हं" म्हणाला आणि उठून गेला. तुलना चुकीची नव्हती. पण त्याची गोष्ट अजून संपली नव्हती आणि मी तिच्यावर माझी गोष्ट आणून ठेवली. "आपल्याकडेही आहे" हे वाक्य आपण प्रेमानं बोलतो, मुलांना मात्र ते "तुझ्या गोष्टीत विशेष काही नाही" असं ऐकू येतं. तेव्हा काही महिने हे वाक्य गिळा. तिला सांगू द्या, आणि मराठीतच सांग असा हट्ट धरू नका. आजीला गोष्ट कळावी असं तिला मनापासून वाटलं, की शब्द शोधायला ती तुमच्याकडे येईल.

आता तुमच्या यजमानांसाठी. त्यांना म्हणावं, लेकीजवळ बसून इलियडचा, म्हणजे होमरच्या ट्रॉय-युद्धाच्या महाकाव्याचा, सहावा सर्ग तेवढा वाचा. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर रणात परत निघालाय. बायको वेशीपाशी गाठते, दाईच्या कडेवर तान्हा मुलगा आहे. हेक्टर हात पुढं करतो, पण बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा हलताना बघून पोर किंचाळून दाईला बिलगतं. आईबाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, पोराला घेऊन झुलवतो आणि देवांकडे मागणं मागतो, की हा माझ्यासारखा पराक्रमी होवो आणि एक दिवस लोक म्हणोत, बापापेक्षा हा कितीतरी सरस निघाला. मग तो पोराला आईकडे देतो. तिच्या डोळ्यांत पाणी असतं आणि ओठांवर हसू. तुमच्या यजमानांच्या मनात लेकीबद्दल तरी दुसरं काय आहे? त्या काळजीची मी टिंगल करणार नाही. परक्या देशात शून्यातून उभं राहिलेल्या माणसाला पोटाची चिंता असायचीच.

पण तुमच्याच पत्रात आहे, की ती मॅथ्स आणि फिजिक्स सोडत नाहीये. इंजिनिअरिंगच्या बहुतेक अभ्यासक्रमांना हेच दोन विषय लागतात आणि तिसऱ्याची बऱ्याच ठिकाणी मोकळीक असते. काही विद्यापीठं फर्दर मॅथ्स, म्हणजे गणिताचा वेगळा जादा विषय, मागतात आणि मेडिसिन मनात असेल तर बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागते, म्हणून जिथं जायचंय तिथल्या अटी आत्ताच तिघांनी मिळून वाचा. क्लासिकल सिव्हिलायझेशनला ग्रीक किंवा लॅटिन यावं लागत नाही, सगळं इंग्रजी भाषांतरातून शिकवतात. होमर आणि रोमन कवी व्हर्जिल असतातच. भरपूर वाचायचं, पुराव्यानिशी मुद्दा मांडायचा, निबंध लिहायचे, हा त्या विषयाचा गाभा. या देशात वकील आणि सरकारी अधिकारी झालेली कितीतरी माणसं हेच शिकून आली आहेत. पुढं तिला याच वाटेनं जायचं असेल, तर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजलासुद्धा शाळेत ग्रीक-लॅटिन न शिकलेल्यांसाठी दार आहे. माझं मत विचाराल तर तिला तो विषय घेऊ द्या.

तुम्हाला आणखी एक काम सांगते. एखाद्या शनिवारी तिच्याबरोबर ब्रिटिश म्युझियमला जा. प्रवेश फुकट आहे. अथेन्समधल्या अथीनेच्या देवळाच्या, पार्थेनॉनच्या, शिल्पांमध्ये चंद्रदेवी सेलिनीच्या रथाच्या घोड्याचं नुसतं डोकं आहे. रात्रभर रथ ओढून तो दमलाय. नाकपुड्या फुगल्यात, डोळे बाहेर आलेत, तोंड उघडंच आहे. देवळावर होता तेव्हा त्याचा जबडा खालच्या कडेवरून बाहेर लोंबत असे. त्याच्यासमोर नुसत्या उभ्या राहा आणि तिला बोलू द्या. त्याच म्युझियमच्या संग्रहात गांधारातला एक दगडी शिल्पपट आहे. त्यावर चाकांवरचा घोडा कोरलाय आणि वेशीत हात वर करून उभी असलेली बाई. लाकडी घोड्यात लपून ग्रीक सैनिक ट्रॉयमध्ये शिरले तोच प्रसंग, पण कोरणारे हात आजच्या पेशावरच्या बाजूचे. तो तिनं आपणहून दाखवला, तर कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या, दात्यांची नावं कोरलेली आहेत, हे तिला सांगायला हरकत नाही.

राहिल्या सासूबाई. "आपल्याकडेही आहे" हे तुम्ही लेकीला सांगू नका असं म्हटलं, पण सासूबाईंना अवश्य सांगा. घुबड लक्ष्मीचंही वाहन आहे, हे त्यांना ठाऊक असेलच. अथीना ही अथेन्सची ग्रामदेवता म्हणावी अशी, बुद्धीची आणि विणकामाची देवी, आणि तिथले लोक आपल्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला तिचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला घुबड छापत. अंबाबाईच्या गावच्या बाईला हे समजायला जड जाणार नाही. आणि त्यांच्या कोल्हापुरात, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती सापडली होती. रोमन व्यापाराच्या काळात ती इथवर आली. टाऊन हॉल म्युझियमचं नाव काढा, त्यांना जागा लगेच कळेल. पुढच्या सुट्टीत नातीला तिथं घेऊन जायचं काम त्यांच्यावरच सोपवा.

घुबड मात्र तुम्ही गॅरेजमधून आणू नका, यजमानांनाही आणू देऊ नका. सासूबाईंनी ते आपल्या हातानं पुसून फळीवर ठेवावं आणि नातीला विचारावं, "बाळा, ही तुझी देवी कोण, सांग बरं मला." त्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरातच थांबा.