सॉलिसिटरच्या कामात कोर्टाच्या हुकमाने होणाऱ्या झडतीचा थरार खरा असतो का?

तुम्ही लॉच्या शेवटच्या वर्षाला आहात, पुढे इंग्लंडला सॉलिसिटर, म्हणजे पक्षकाराचं काम थेट पाहणारा वकील, व्हायचंय, आणि तिथल्या ‘सर्च ऑर्डर’चं, म्हणजे पुरावा नष्ट होऊ नये म्हणून कोर्टाच्या हुकमाने होणाऱ्या झडतीचं काम खरंच थरारक असतं का, त्यात कस कुठे लागतो, असं विचारलंय. मी पुण्यात ट्रेडमार्क-कॉपीराइटचे दावे चालवते. आपल्याकडे याच जातीचं काम कोर्ट कमिशनरमार्फत, म्हणजे कोर्टाने त्यासाठी नेमलेल्या वकिलामार्फत होतं आणि त्यात मी असते, म्हणून लिहिते.

थरार खराच असतो. शिवाजीनगर कोर्टातून एकतर्फी हुकूम हातात पडला की तोंडाला कुलूप. प्रतिवादीला सुगावा लागला तर रातोरात गोडाऊन मोकळं होतं, त्यामुळे पक्षकाराच्या ऑफिसातसुद्धा अगदी गरजेपुरत्या माणसांनाच माहीत असतं. सकाळी गाडी भोसरीकडे वळली की अजूनही छाती धडधडते, आणि मला ते आवडतं.

पण खरा कस त्याआधी, अर्ज लिहिताना लागतो. समोरचा हजर नसताना हुकूम मागायचा, म्हणजे त्याची बाजूही आपणच कोर्टापुढे ठेवायची. दोघांचा जुना व्यवहार होता, मध्यंतरी तडजोडीची बोलणी झाली होती, हे सगळं अर्जात यायला हवं. लपवलं तर तेवढ्याच मुद्द्यावर हुकूम उठू शकतो. पक्षकाराला हे पटवताना घाम निघतो, कारण आपल्याच वकिलाने आपल्या विरोधातलं का लिहावं, हे त्याच्या गळी उतरत नाही. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 नियम 3 प्रमाणे मनाई हुकूम मिळाल्यावर कागदपत्रं लगेच प्रतिवादीला पाठवायची असतात आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तसं अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं असतं. कमिशन, म्हणजे कमिशनरमार्फत झडती, असेल तर ही मुदत झडतीनंतर सुरू होईल असं हुकमातच लिहून घ्यावं.

एका झडतीत तळमजल्यावर गाळा होता आणि वर मालकाचं घर. कमिशनर वकिलांनी दारातच हुकूम वाचून दाखवला, मालकाला त्याच्या वकिलांना फोन करू दिला. खोकी मोजायची, नमुने वेगळे काढायचे, सुतळी, लाख, सील, प्रत्येक चिठ्ठीवर सह्या, यातच दुपार झाली. टेबलाच्या खणात बिलबुकांखाली आमच्या पक्षकाराच्या नावाच्या लेबलांची गुंडाळी निघाली, तेव्हा मालक खाली बसला. तेवढ्यात पक्षकाराचा माणूस माझ्या कानाशी लागला, “मॅडम, बाकीचा माल वरती असणार. चला ना वर.” हुकमात फक्त तळमजल्याचा गाळा होता. जिन्यात मालकाची म्हातारी आई उभी होती. मी नाही म्हटलं, कमिशनर साहेबांनीही मान हलवली, आणि वरच्या मजल्यावर कोणी गेलं नाही हे पंचनाम्यात लिहून घेतलं. पक्षकार बरेच दिवस धुसफुसत होता. पण मनाई कायम करायच्या सुनावणीत त्या पंचनाम्यावर बोट ठेवायला समोरच्या वकिलांना जागा मिळाली नाही.

इंग्लंडमध्ये या हुकमाचं जुनं नाव अँटन पिलर ऑर्डर. अँटन पिलर ही इलेक्ट्रिक मोटरी बनवणारी जर्मन कंपनी. इंग्लंडमधले तिचे एजंट तिची गोपनीय माहिती स्पर्धकांना पुरवतात असा आरोप होता. 1975 साली लॉर्ड डेनिंग यांच्या पीठाने झडतीला परवानगी दिली. प्रथमदर्शनी केस अत्यंत मजबूत हवी, नुकसान गंभीर हवं, आणि पुरावा समोरच्याकडे असून तो नष्ट होण्याची खरी शक्यता हवी, या कसोट्या तेव्हाच्या. तेव्हा झडती वादीचेच सॉलिसिटर घ्यायचे आणि त्यातून अतिरेक झाले. एका प्रकरणात सकाळी सव्वासातला, घरात एकटी बाई आणि झोपलेली मुलं असताना पथक दारात उभं राहिलं. त्यावरच्या 1992 च्या निकालाने स्वतंत्र, अनुभवी सॉलिसिटरच्या देखरेखीचा आग्रह धरला, आणि सुपरवायझिंग सॉलिसिटरची पद्धत रूढ झाली. तो वादीच्या फर्मचा नसतो. तो प्रतिवादीला हुकूम साध्या भाषेत समजावतो आणि वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्क सांगतो. घरी एकटी बाई असण्याची शक्यता असेल तर सोबत बाई असावीच लागते. दार तोडता येत नाही. मात्र आत घेतलं नाही तर तो कोर्टाचा अवमान, प्रसंगी तुरुंगवास.

हल्ली खोक्यांपेक्षा सर्व्हर आणि मोबाइलच जास्त महत्त्वाचे, तेव्हा संगणक तज्ज्ञाशी बोलता येण्याइतकं तांत्रिक ज्ञान कमवा. नुसत्या झडत्यांवर मात्र कुणाचंही करिअर उभं राहत नाही, असे हुकूम तिथेही सहजी मिळत नाहीत. जायच्या आधी इथे एखाद्या कमिशनसोबत जाऊन या, आणि जमलं तर काही महिने प्रतिवादीची बाजू मांडणाऱ्या वकिलांकडे काढा. हुकूम उठवण्याचे अर्ज वाचलेत की वादीचा अर्ज कसा लिहायचा ते जास्त चांगलं कळेल.