एक्मोनंतर मुलाची बोटं गेली, दावा लावावा का?

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हृदयाला सूज आली म्हणून मागच्या वर्षी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात त्याला एक्मोवर, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचं काम शरीराबाहेरून करणाऱ्या यंत्रावर, ठेवलं. जीव वाचला, पण जांघेत नळी घातलेल्या पायाचं रक्त अडलं आणि तीन बोटं कापावी लागली. डॉक्टर म्हणतात, ‘असं होऊ शकतं, तुम्ही सही केली आहे.’ आम्ही साताऱ्याला राहतो.

उत्तर : असं होऊ शकतं, हे खरं आहे. मुलांच्या धमन्या बारीक. जाड नळी बसली की खालच्या पायाला रक्त कमी पडतं. म्हणून बोटं गेली एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. सर्वसाधारण कुशल डॉक्टरनं घेतली असती तेवढी काळजी घेतली का, हीच कसोटी सर्वोच्च न्यायालयानं जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) लावली. सही मात्र धोक्याला असते, हलगर्जीपणाला नव्हे.

तुमचं सगळं प्रकरण नर्सच्या तासातासाच्या तक्त्यात आहे. पायाला रक्त पोचवणारी वेगळी छोटी नळी घातली होती का? समजा, पहाटे 2 वाजता ‘पाय गार, नाडी लागत नाही’ अशी नोंद आहे आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन 11 वाजता आले, तर मधल्या नऊ तासांचा जाब रुग्णालयाला द्यावा लागेल. उलट लगेच डॉपलर (रक्तप्रवाह पाहणारी तपासणी) झाला, धावपळ झाली असं दिसलं, तर मी दावा लावू नका असंच सांगेन.

कागदांसाठी लेखी अर्ज करा, पोच घ्या. ते 72 तासांत द्यावेत असा नियम आहे. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. एक्मोचा तक्ता, नर्सिंगच्या नोंदी, हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) तपासण्या सगळं मागा.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही चालते. 2019 च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यात ती सोय दिली आहे. तिथे भरपाईचा आकडा बघत नाहीत, तुम्ही भरलेलं बिल 50 लाखांच्या आत हवं. मुदत दोन वर्षांची, तेव्हा ‘बघू’ म्हणत बसू नका. स्प्रिंग मेडोज खटल्यात (1998) मुलाला आणि आईवडिलांना वेगवेगळी भरपाई मिळाली होती, म्हणून तिघांच्या नावानं मागा. मुलगा वाढेल तसा पुढचा खर्चही त्यात धरा.

पोलिसांत जायची घाई नको. फौजदारीत घोर हलगर्जीपणा दाखवावा लागतो. कागद हाती आले की मुलांच्या अतिदक्षता विभागात काम केलेल्या, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना आधी दाखवा. त्यांचं लेखी मत घेऊनच वकिलाकडे जा.