कुत्र्याला मोकळ्या जागी कुठे नेता येईल, हे कसे ठरवावे?

कुत्र्याला सोबत नेता येतील अशी मैदाने, पायवाटा किंवा किनारे कसे शोधावेत आणि तिथले नियम कसे समजून घ्यावेत, असा आपला प्रश्न आहे. शोधाची सुरुवात नकाशावरून करायला हरकत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशात एखाद्या जागी कुत्र्यांना मुभा आहे, मनाई आहे की फक्त पट्ट्यासह प्रवेश आहे, हे नोंदवण्याची सोय आहे. मात्र या नोंदी स्वयंसेवकांनी भरलेल्या आणि कधी कधी जुन्या असतात, म्हणून जागेची देखभाल करणाऱ्या यंत्रणेचे संकेतस्थळ आणि प्रवेशद्वारावरील फलक हेच प्रमाण मानावेत.

खरी गोम फलकावरील तपशिलात असते. ‘कुत्र्यांना प्रवेश’ म्हणजे कुत्रा मोकळा सोडण्याची परवानगी नव्हे. कित्येक ठिकाणी पट्ट्याची लांबीही ठरलेली असते आणि सुमारे १.८ मीटरची मर्यादा असेल, तर खेचला की लांबत जाणारा पट्टा तिथे कामाचा नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात काही किनारे बंद असतात आणि इतर महिन्यांत खुले होतात, त्यामुळे गेल्या खेपेच्या अनुभवावर विसंबू नये.

विष्ठा उचलण्यासाठी पिशव्या आणि रेबीजच्या लसीचा दाखला जवळ ठेवावा. पिल्लाचे लसीकरण पूर्ण झालेले नसेल, तर कुत्र्यांची वर्दळ असलेली जागा नियमात बसत असली तरी टाळलेलीच बरी, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो.